बिल्डर लाइनसाठी सॉफ्टवेअर लिहिणं: या क्षेत्रात यावं का?

सिंहगडरोडकर

करिअरचे धागे वाचतो तेव्हा त्यात बँकिंग असतं, हेल्थकेअर असतं, ई-कॉमर्स असतं, पण बांधकामवाल्यांसाठी सॉफ्टवेअर लिहायचं काम असतं आणि त्यात पूर्ण करिअर होऊ शकतं हे कुणी काढतच नाही. मी पुण्यात हेच करतोय, सुरुवात फॉक्सप्रोच्या शेवटच्या दिवसांत झाली, मग व्हीबी सिक्स, डॉटनेट, आता मोबाईल ॲप. मला हे काम मनापासून आवडतं म्हणून धागा काढतोय, कुणाला यायचं असेल तर विचारा.

आधी हे सॉफ्टवेअर करतं काय ते सांगतो. साइटवरून मालाचा इंडेंट (मागणी) येतो, त्यावरून परचेसवाला पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर काढतो, माल आला की जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद, ठेकेदाराचं आरए बिल म्हणजे झालेल्या कामाचं टप्प्याटप्प्याचं बिल, दुसऱ्या बाजूला फ्लॅटचं बुकिंग, डिमांड लेटर, रिसीट, रेराचं (रिअल इस्टेट कायद्याचं) रिपोर्टिंग, आणि सगळं शेवटी टॅलीत किंवा स्वतःच्या अकाउंट्समध्ये. कागदावर हे कुठल्याही फॅक्टरीच्या ईआरपीसारखंच, म्हणजे सगळा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरसारखंच वाटतं. फरक असा की फॅक्टरी एका जागी असते आणि तेच तेच बनवते, इथे प्रत्येक बिल्डिंग नवीन, जागा नवीन, ठेकेदार नवीन, आणि तीन वर्षांनी बिल्डिंग झाली की सगळे उठून दुसरीकडे.

गेटवरचं एकच उदाहरण घ्या. क्रश सँडचा (दगड फोडून केलेल्या वाळूचा) डंपर येतो, चलनावर चार ब्रास. स्टोअरकीपर टेप घेऊन वर चढतो, लांबी १४ फूट, रुंदी ७, माल साडेतीन फुटांपर्यंत. म्हणजे ३४३ घनफूट, १०० घनफुटांचा एक ब्रास, तर झाले ३.४३. ड्रायव्हर म्हणतो रस्त्यात माल दबला, काटा पर्ची बघा. काटा पर्चीवर वजन टनात. हेड ऑफिसने पीओ काढलाय टनात, रेट ठरलाय ब्रासवर, आणि वाळू ओली असेल तर फुगते त्यामुळे टनाचा ब्रास करायला एकच आकडा कायमचा लावून चालत नाही. मागे आरएमसीची (तयार काँक्रीटची) गाडी हॉर्न वाजवत उभी आहे आणि हे सगळं त्या माणसाने फोनवर एका हाताने भरायचंय. आमच्या स्क्रीनवर चलनावरचं माप, टेपने मोजलेलं माप आणि मान्य केलेलं माप अशा तीन वेगळ्या जागा आहेत आणि सप्लायरचं बिल फक्त तिसऱ्यावरच पास होतं. कोड म्हणून हे किरकोळ आहे. पण हे कळायला गेटवर उभं राहावं लागतं, आणि माझ्या मते या लाइनचं सगळं मोल यातच आहे. कोडिंग येणारे भरपूर आहेत, ब्रास आणि टनाचं भांडण माहीत असलेला प्रोग्रामर फार थोड्यांना मिळतो.

पालवी_२०२५

दादा धागा काढल्याबद्दल खूप खूप आभार!! मी सिव्हिलची आहे, डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला ॲडमिशन घेतली होती, आता पायथन आणि एसक्यूएल शिकतेय. घरचे म्हणतात सिव्हिल केलंस तर साइटवर जा नाहीतर सरळ आयटीत जा, मध्येच काय. कॅम्पसला आलेल्या कंपन्यांना माझ्या सिव्हिलशी काही देणंघेणं नव्हतं. तुमच्या लाइनमध्ये सिव्हिलवाल्यांना घेतात का की कॉम्प्युटरवालेच लागतात?

अनघा_साइटवाली

पालवी, घेतात म्हणजे काय, शोधत असतात. मी स्वतः साइट इंजिनीअर होते, आता अशाच एका प्रॉडक्टमध्ये बिझनेस ॲनालिस्ट आहे. तुला एक प्रसंग सांगते म्हणजे कळेल सिव्हिलचा काय उपयोग होतो.

आमच्या एका क्लायंटकडे सॉफ्टवेअर सारखं दाखवायचं की ८ एमएमचं स्टील कमी आहे. माल काट्यावर वजन करून घेतलेला, खर्च बीबीएसवरून (कुठे किती सळई लागते त्या यादीवरून) टाकलेला, आणि स्टॉक मोजला की तूट. मॅनेजमेंटने स्टोअरकीपरवर संशय घेतला, त्या माणसाचा पगार अडवला, तो दोन मुलींचा बाप, माझ्यासमोर रडला. आमचे डेव्हलपर आठवडाभर क्वेरी तपासत बसले, क्वेरी बरोबर होती.

मी म्हटलं सळई मोजा. आपण कॉलेजमध्ये डी स्क्वेअर बाय १६२ (डी म्हणजे सळईचा व्यास, एमएममध्ये) पाठ करतो ना, त्याप्रमाणे ८ एमएम म्हणजे मीटरला ०.३९५ किलो. पण आयएस १७८६ मध्ये, म्हणजे सळईच्या भारतीय मानकात, १० एमएमपर्यंतच्या बारला ७ टक्के कमीजास्त चालतं, त्याच्यावर १६ पर्यंत ५ टक्के, आणि पुढे ३ टक्के. तो लॉट ४ टक्के जड निघाला. म्हणजे काट्यावर दहा टन आलं, सगळं स्लॅबमध्ये गेलं, तरी बीबीएसच्या हिशोबाने ९.६ टनच खर्च दिसणार आणि जवळजवळ ३८५ किलो पुस्तकात शिल्लक राहणार, जागेवर मात्र काहीच नाही. कुणी एक किलोसुद्धा चोरलेलं नव्हतं. त्यानंतर आम्ही जीआरएनलाच प्रत्येक डायमीटरचं खरं सेक्शन वेट नोंदवायला लावलं, एक मीटरचे तीन तुकडे कापून वजन करायचे आणि टाकायचं. पगार सोडला त्याचा.

कॉम्प्युटरवाल्या पोरांची यात काही चूक नाही गं, त्यांना कुणी कधी सळई हातात दिली नव्हती. तुला ती माहीत आहे. एसक्यूएल पक्कं कर, बाकी ये बिनधास्त.

कसबा_सीए

छान धागा. अकाउंट्सच्या बाजूने मी भर घालतो कारण या सॉफ्टवेअरांचा ताप आम्हालाही होतो आणि चांगलं असेल तर आमचा जीवही तेच वाचवतं.

१ एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या घरांवर जीएसटी ५ टक्के आणि परवडणाऱ्या घरांवर १ टक्का, दोन्हीकडे इनपुट क्रेडिट (बिल्डरने मालावर भरलेल्या जीएसटीची वजावट) नाही. परवडणारं म्हणजे किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट (घराच्या आतलं क्षेत्रफळ) मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटरपर्यंत. पुणे यात मेट्रो धरत नाहीत, तिथे ९० मीटर. आता बघा, डोंबिवलीतला एक फ्लॅट, मंजूर नकाशात बरोबर ६० मीटर. सेल्सवाला सिस्टीममध्ये फुटात टाकतो. ६० गुणिले १०.७६४ म्हणजे ६४५.८४, तो लिहितो ६४६. सिस्टीम परत मीटर काढते, ६०.०१. झालं, फ्लॅट परवडणाऱ्यातून बाहेर, जीएसटी ५ टक्के. ४० लाखांच्या घराला १ लाख ६० हजारांचा फरक आणि तो घेणाऱ्याच्या खिशातून! अशी डिमांड मी स्वतः हातात घेतलेली आहे. एरिया नेहमी मीटरमध्येच साठवा, मंजूर नकाशावर आहे तोच, आणि फूट फक्त दाखवण्यापुरते. ही गोष्ट मी भेटेल त्या सॉफ्टवेअरवाल्याला सांगत असतो.

सिंहगडरोडकर

@कसबा_सीए अगदी शंभर टक्के. आम्ही तसंच करतो. त्यात परत रेराचं कार्पेट वेगळं, त्यात आतल्या पार्टिशनच्या भिंती धरायच्या पण बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी, ओपन टेरेस नाही. जुन्या प्रोजेक्टमध्ये सगळे सुपर बिल्टअपवर विकायचे, म्हणजे कार्पेटवर जिना-लॉबी वगैरेच्या वाट्याची टक्केवारी (लोडिंग) लावून, त्यामुळे डेटा आणताना एकाच फ्लॅटचे चार एरिया सापडतात.

दराबद्दल पण लिहितो. २०२० मध्ये राज्य सरकारने स्टॅम्प ड्यूटी कमी केली, १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर ३ टक्के सूट, मग १ जानेवारी ते ३१ मार्च २०२१ दोन टक्के सूट. निर्णय ऑगस्टच्या शेवटी जाहीर झाला आणि १ तारखेपासून लागू. सगळ्या बिल्डरांच्या सेल्स ऑफिसमध्ये कॉस्ट शीट बदलायच्या होत्या. ज्यांच्याकडे दर कोडमध्येच लिहिलेला होता त्यांचे प्रोग्रामर रात्र रात्र बसले. आमच्याकडे दराच्या टेबलला 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असे दोन कॉलम पहिल्यापासून होते, नवीन ओळ टाकली, संपलं. ते डिझाइन माझ्या पहिल्या बॉसचं, ते सेल्स टॅक्सच्या काळातले होते आणि त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं की सरकारचा दर म्हणजे आजची तारीख.

हिशोबी

सगळं ठीक आहे हो पण प्रत्यक्षात बिल्डर पैसे देतात का? मी एका छोट्या कंपनीत होतो, तीन मोठे क्लायंट, दोघांनी शेवटचा हप्ता दिला नाही. वर्षभर वापरतात, मग म्हणतात आमचा मुलगा एक्सेलमध्ये करतो. आणि पगार? त्याच अनुभवावर मित्र फिनटेकमध्ये माझ्यापेक्षा बराच पुढे आहे. फ्रेशरला नुसतं गोड चित्र दाखवू नये असं मला वाटतं.

सिंहगडरोडकर

हिशोबी, तुमचं म्हणणं खरं आहे. सुरुवातीचा पगार मोठ्या प्रॉडक्ट कंपन्यांपेक्षा कमीच असतो, आणि छोट्या कंपन्यांचं पेमेंट अडकतं हेही खरं, मार्केट बसलं की बिल्डर पहिला खर्च सॉफ्टवेअरचा कापतो. पण मी एक बदल डोळ्यांनी पाहिलाय. १ मे २०१७ ला महारेरा, म्हणजे रेराचं महाराष्ट्रातलं प्राधिकरण, सुरू झालं, त्याआधी सॉफ्टवेअर म्हणजे बिल्डरची हौस होती. नंतर आर्किटेक्टचा दाखला, इंजिनीअरचा, सीएचा, घेणाऱ्यांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात आणि ते काढायचे तर कामाच्या प्रगतीच्या प्रमाणातच, दर तिमाहीला वेबसाइटवर माहिती. हे एक्सेलमध्ये एक प्रोजेक्ट असेपर्यंत जमतं, चार चालू झाले की नाही जमत. तेव्हापासून आम्हाला फोन बिल्डरच्या मुलाचा येत नाही, त्याच्या सीएचा येतो. पेमेंटही आम्ही आता वर्षाच्या सुरुवातीलाच घेतो, सबस्क्रिप्शनवर.

कल्याणपूर्व

मी सॉफ्टवेअरवाला नाही, घर घेणारा आहे, पण धागा वाचून विचारावंसं वाटलं. आमच्या बिल्डरकडून दर स्लॅबला डिमांड येते, छापील, आपोआप मेलवर. स्लॅब पडलेला नसतानाही एकदा आली होती. विचारलं तर म्हणाले सिस्टीमने काढली. सिस्टीम स्वतःहून काढते का?

सिंहगडरोडकर

नाही, सिस्टीम स्वतःहून काही काढत नाही, कुणीतरी 'स्लॅब पूर्ण' असं टिक केलेलं असतं. तुम्ही त्या टप्प्याचा आर्किटेक्टचा दाखला मागा. आम्ही डिमांडचं बटणच त्या दाखल्याला बांधलंय, दाखल्याची फाइल आणि साइटचा फोटो चढल्याशिवाय पत्र निघत नाही. दोन क्लायंटनी ही अट काढा म्हणून आग्रह धरला, आम्ही नाही काढली, त्यातला एक गेला.

टप्पे पण तपासून घ्या. महारेराच्या नमुना करारात करार झाल्यावर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, प्लिंथला (जोत्याला) ४५, सगळे स्लॅब झाल्यावर ७०, मग प्लास्टर फ्लोअरिंग दारं-खिडक्या ७५ असं पुढे जातं आणि शेवटचे ओसीनंतर (भोगवटा प्रमाणपत्रानंतर) पझेशनला. करार नोंदवायच्या आधी १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, रेरा कायद्याचं कलम १३. उशिराचं व्याज स्टेट बँकेच्या एमसीएलआरवर (कर्जाच्या मूळ दरावर) २ टक्के, आणि तुम्हाला उशीर झाला तर जेवढं, बिल्डरला पझेशनला उशीर झाला तरी तेवढंच. ज्या सॉफ्टवेअरमध्ये व्याज फक्त एकाच बाजूला मोजायची सोय आहे ते अर्धवट आहे असं मी मानतो.

स्लॅबवरून आठवलं, पालवी, तुझ्यासाठी. ४५ ते ७० म्हणजे स्लॅबचे २५ टक्के. १२ स्लॅब असतील तर एकाला २.०८३३ आणि पुढे चालूच. कुणीतरी २.०८ ठेवतं, बारा वेळा झाले २४.९६. ६० लाखांच्या फ्लॅटला २४०० रुपये कुठल्याच डिमांडमध्ये येत नाहीत आणि पझेशनच्या दिवशी, किल्ली हातात द्यायच्या वेळी, अकाउंट्सवाला म्हणतो बाकी आहे. २०० फ्लॅट असले तर २०० भांडणं. म्हणून शेवटच्या स्लॅबला नेहमी उरलेली रक्कम घ्यायची, टक्का लावायचा नाही.

डॅलसकर

मी इथे टेक्सासमध्ये होम बिल्डर लोकांच्या सॉफ्टवेअरवरच काम करतो, मूळचा साताऱ्याचा. इथली गंमत वेगळी. मोठे बिल्डर एकेका कम्युनिटीत ठरलेल्या दहा-बारा प्लॅनची शेकडो घरं बांधतात, त्यामुळे सगळा खेळ प्लॅन आणि ऑप्शनचा. गिऱ्हाइकाने एक जास्तीची खिडकी घेतली की त्यावरून लाकूड, काच, लेबर, रंग सगळ्यांच्या ऑर्डर बदलायच्या आणि प्रत्येक ट्रेडच्या माणसाला नवी तारीख जायला हवी.

घरं लाकडाच्या सांगाड्याची. आणि मापं! टू बाय फोर म्हणतात त्या लाकडाचं खरं माप दीड बाय साडेतीन इंच. आठ फुटी भिंतीला स्टड (उभी लाकडं) येतात ९२ पूर्णांक ५/८ इंचाचे, बहुतेक १६ इंच अंतराने. पहिल्या दिवशी मला सीनियरने सांगितलं की लांबी कधीही फ्लोटमध्ये (दशांश आकड्यात) ठेवायची नाही, इंचाचा सोळावा भाग हे एकक धर आणि पूर्णांकच साठव. पण बोर्ड फूट (लाकूड विकायचं घनमापाचं एकक) काढताना परत खरं माप नाही, नावाचं माप धरायचं, टू बाय फोर म्हणजे दोन आणि चारच. म्हणजे एकाच वस्तूची दोन मापं आणि दोन्ही बरोबर, सिंहगडरोडकरांच्या ब्रास आणि टनासारखंच.

२०२१ च्या मे महिन्यात लाकडाचा भाव हजार बोर्ड फुटाला १६०० डॉलरच्या वर गेला होता. घर विकलेलं जुन्या भावाने, लाकूड नव्या भावाने. तेव्हा ज्यांच्या सिस्टीममध्ये प्रत्येक घराचं बजेट आणि प्रत्यक्ष खर्च रोजच्या रोज दिसत होता ते बिल्डर सावरले, बाकीच्यांना घर हातातून गेल्यावर तोटा कळला. माझ्या कामाचा उपयोग काय हे मला त्या उन्हाळ्यात कळलं.

पुण्यातून या बाजूचं बरंच काम होतं, क्वांटिटी टेकऑफ (नकाशावरून मालाचं माप काढणं), एस्टिमेशन वगैरे. पालवी तुला तो पण रस्ता आहे, नुसतं फूट-इंच आणि लाकडाची भाषा शिकावी लागेल.

आर्किटेक्ट_मिरज

एक कोपरा राहिलाय, नकाशा मंजुरीचा. पुण्याच्या सॉफ्टटेकचं ऑटोडीसीआर बऱ्याच जणांना माहीत असेल, आपण ड्रॉइंग ठरलेल्या लेयरमध्ये काढायचं आणि सॉफ्टवेअर स्वतः मार्जिन (भोवती सोडायची जागा), एफएसआय (प्लॉटच्या प्रमाणात किती बांधता येतं ते), जिन्याची रुंदी वगैरे मोजून नियमाशी ताडून रिपोर्ट देतं. लेयर चुकला की रिजेक्ट, त्यामुळे ऑफिसमधली पोरं वैतागतात, पण टेबलाटेबलावर फाइल फिरवण्यापेक्षा मला हे कितीतरी बरं वाटतं, निदान का नाकारलं ते छापून तरी येतं.

डिसेंबर २०२० मध्ये यूडीसीपीआर आली, मुंबई आणि काही भाग सोडून जवळपास सगळ्या राज्याला एकच नियमावली. पूर्वी प्रत्येक महापालिकेचे नियम वेगळे. नव्यात अनुषंगिक क्षेत्राचा एफएसआय, निवासीला ६० टक्क्यांपर्यंत, व्यापारीला ८० पर्यंत, बाल्कनी-जिने सगळं मोजण्यात. ज्या कुणी हे सगळं नियम म्हणून प्रोग्राममध्ये बसवलं त्यांना माझा नमस्कार, कारण नियमावली वाचणारा माणूस दोन ओळींमधला अर्थ स्वतः लावतो, मशिनला तो एकच लावून द्यावा लागतो. नियम वाचायची आवड असलेल्या आर्किटेक्टनी इकडे जरूर बघावं.

हिशोबी

एक थेट प्रश्न. दोन नंबरचं काय? सगळ्यांना माहीत आहे तरी कुणी लिहीत नाही. तुमच्याकडे मागतात ना तशी सोय?

सिंहगडरोडकर

मागतात. पूर्वी तर डेमोलाच मागायचे, एक पासवर्ड टाकला की ही वही, दुसरा टाकला की ती वही. आम्ही ते कधीच दिलं नाही आणि त्यामुळे काही ऑर्डर गेल्या, गेल्या तर गेल्या. आता कायद्यानेही आमच्या बाजूने जोर आलाय, १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिलीच पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. नवीन मुलांना मी इतकंच सांगेन की नोकरी घेताना हे विचारून घ्या. एडिट लॉग बंद करायचं बटण आहे का विचारा, आणि आहे म्हणाले तर तिथे जाऊ नका. घर हे माणसाच्या आयुष्यभराच्या कमाईचं असतं, त्याची पावती कुणी मागून बदलू शकत असेल तर त्या कोडवर आपलं नाव नको.

कसबा_सीए

+१. ऑडिटला आता आम्हाला या लॉगबद्दल रिपोर्टमध्ये लिहावं लागतं, त्यामुळे बटण असेल तर आमच्या नजरेतून सुटणार नाही.

पालवी_२०२५

सगळ्यांचे मनापासून आभार, मी सगळं वहीत उतरवून घेतलंय. शेवटचा प्रश्न, इंटरव्ह्यूला दाखवायला प्रोजेक्ट काय करू? सगळे घरांच्या किमतीचा अंदाज सांगणारं मॉडेल करतात, तेच करू का?

अनघा_साइटवाली

ते नको, ते शंभर जणांच्या सीव्हीवर असतं. बार कटिंगचं कर. सळई १२ मीटरची येते, बीबीएसमध्ये तुला ४.५ चे इतके नग, २.९ चे इतके, १.४५ च्या रिंगा इतक्या असे तुकडे लागतात. कुठल्या सळईतून कुठले तुकडे कापले की भंगार सगळ्यात कमी पडेल ते काढायचं. ४.५ चे दोन कापलेस की तीन मीटर उरतात, फिटर ते बाजूला टाकतो, त्यातून दोन रिंगा निघतात. बेंडची वजावट धरायला विसरू नकोस, ४५ अंशाला एक डी, ९० ला दोन, १३५ ला तीन. आणि आउटपुट ग्राफमध्ये नको, फिटरला हातात धरता येईल असा एक कागद, मोठ्या अक्षरात, हिंदीत, कारण आमच्या साइटवरचे बहुतेक फिटर बिहार-बंगालचे आहेत. त्यातले काही वाचत नाहीत, त्यांच्यासाठी आकाराचं चित्र काढ.

पालवी_२०२५

हे जमेल मला! लिनियर प्रोग्रामिंग सेकंड इयरला होतं. पण ताई, खरं बीबीएस कुठून मिळेल? पुस्तकातलं नको.

अनघा_साइटवाली

व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. आमच्या एका क्लायंटच्या साइटवर शनिवारी स्लॅब भरायचाय, शुक्रवारी दुपारी स्टील चेकिंग आहे, इंजिनीअरला विचारून ठेवते. बीबीएस मिळेल आणि फिटरशी बोलायलाही मिळेल. सेफ्टी शूज घालून ये, हेल्मेट गेटवर देतात. टेप स्वतःचा आण, तिथे मागितला की कधीच सापडत नाही.